फाउंडेशन का फुटतं?

मे महिन्यातल्या लग्नात सकाळी दहाला सुरेख बसलेलं फाउंडेशन दुपारच्या पंगतीपर्यंत नाकाच्या दोन्ही बाजूंना फुटतं. हनुवटीवर त्याचे ठिपके होतात, कपाळ चकाकू लागतं आणि गाल मात्र सकाळी होते तसेच राहतात. बाटली एकच, लावणारा हात एकच, चेहराही एकच. तरी चार बोटांच्या अंतरावर एवढा फरक पडतो. बहुतेक जणी दोष ब्रँडला देतात आणि पुढच्या वेळी आणखी महाग बाटली आणतात. पण मेकअप टिकणार की फुटणार, खुलणार की थापल्यासारखा दिसणार, हे किमतीपेक्षा खालच्या त्वचेतल्या तेलावर आणि पाण्यावर ठरतं. ते एकदा समजलं की ड्रेसिंग टेबलावरच्या निम्म्या वस्तूंची गरजच उरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी बाटलीत काय असतं ते पाहू. फाउंडेशनचा रंग येतो तो मुख्यतः लोहाच्या ऑक्साइडांपासून: लाल, पिवळं आणि काळं. त्यात पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड मिसळतात. लाल ऑक्साइड म्हणजे तुळशीवृंदावनाला लावतात त्या गेरूचा रंग आणि पिवळं म्हणजे पिवळ्या मातीचा. सौंदर्यप्रसाधनांसाठी हीच द्रव्यं कारखान्यात शुद्ध करून बनवतात, कारण खाणीतल्या मातीत शिसं, आर्सेनिक यांसारखी नको ती भेसळ असू शकते. ही अतिशय बारीक पूड पाणी, तेल किंवा सिलिकोन यांच्या मिश्रणात तरंगत ठेवलेली असते. चेहऱ्यावर लावल्यावर मिश्रणातला उडून जाणारा भाग काही मिनिटांत उडतो आणि मागे रंगाचा पातळ पापुद्रा राहतो.

हा पापुद्रा त्वचेत मुरत नाही, वरच बसतो. खालून त्वचेतल्या तेलग्रंथी सतत तेल सोडत असतात. ते रंध्रांतून वर आलं की पापुद्रा मऊ पडतो, रंगाचे कण घसरतात आणि रंध्रांच्या तोंडाशी किंवा हसण्याच्या रेषांत जाऊन साठतात. यालाच आपण फाउंडेशन फुटलं म्हणतो. कपाळ, नाक आणि हनुवटीवर तेलग्रंथी दाट असतात आणि गालांवर विरळ, म्हणून लग्नातल्या त्या चेहऱ्याचे गाल शाबूत राहतात.

दुपारपर्यंत फाउंडेशन एक-दोन छटांनी काळवंडतं तेव्हा ‘ऑक्सिडाइज झालं’ असं सर्रास म्हटलं जातं. खरं तर लोहाची ही द्रव्यं आधीच ऑक्सिजनशी जोडलेली असतात. काळवंडण्यामागे बहुधा दोन कारणं असतात. पहिलं म्हणजे उडून जाणारा भाग उडाल्यावर खरा रंग उरतो. दुसरं, तेलानं भिजलेले कण गडद दिसतात, जसं ओलं कापड कोरड्यापेक्षा गडद दिसतं. म्हणून दुकानात लावून पाहिलेल्या रंगावर लगेच निर्णय घेऊ नये, निदान पंधरा-वीस मिनिटं थांबावं.

त्वचेचे कोरडी, तेलकट, सर्वसाधारण असे प्रकार पाडून त्यानुसार प्रसाधनं विकण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेलेना रुबिनस्टाइन यांनी रूढ केली, असं मानलं जातं. विभागणी उपयोगी आहे, पण तिच्यामुळे एक गैरसमज घट्ट झाला. ‘माझी त्वचा तेलकट आहे’ हे वाक्य बायका रक्तगट सांगावा तसं कायमचं सांगतात. प्रत्यक्षात वयात येताना संप्रेरकांमुळे तेल वाढतं आणि रजोनिवृत्तीनंतर ते घटतं. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुरू असतील तर ओठांपासून गालांपर्यंत सगळं कोरडं पडतं. मुंबईच्या जुलैत चिकट वाटणारा चेहरा नागपूरच्या जानेवारीत ओढल्यासारखा होतो. दिवसभर एसीत बसणारी आणि दिवसभर उन्हात फिरणारी अशा सख्ख्या बहिणींनाही एकच फाउंडेशन चालेलच असं नाही. तेव्हा आपली त्वचा सध्या कशी आहे याची तपासणी दर ऋतूला नव्यानं करावी.

ती अगदी साधी आहे. सुट्टीच्या सकाळी सौम्य फेसवॉशनं चेहरा धुवा, टॉवेलनं टिपून घ्या आणि काहीही लावू नका. एसी किंवा कूलरच्या झोतात बसू नका. तासाभरानं टिश्यू पेपरचे तुकडे कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन्ही गालांवर दाबून बघा. सगळीकडे तेलाचे डाग उमटले तर त्वचा तेलकट आहे. कुठेच उमटले नाहीत आणि बोलताना-हसताना त्वचा ताणली जातेय असं वाटलं, तर ती कोरडी. मधल्या पट्ट्यावर डाग आणि गाल स्वच्छ असतील तर मिश्र. आपल्याकडे मिश्र त्वचा फार आढळते, पण तिच्यासाठी वेगळं दुकान मांडायची गरज नसते. मधला पट्टा तेलकट समजून आणि गाल कोरडे समजून हाताळले की काम होतं.

एक अवस्था मात्र हमखास चुकीची ओळखली जाते. चेहरा तेलानं चमकतोय, तरी नाकाच्या कडेला आणि ओठांभोवती पोपडे सुटतायत आणि फेसवॉश केल्यावर चरचरतंय. या त्वचेत तेल आहे, पण पाणी कमी आहे. त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मृत पेशी आणि त्यांच्यामधली स्निग्ध द्रव्यं मिळून बनतो आणि शरीरातलं पाणी तोच धरून ठेवतो. दिवसातून चार-पाच वेळा कडक फेसवॉशनं किंवा साबणानं धुतलं की ही स्निग्ध द्रव्यं निघून जातात आणि पाणी उडू लागतं. साबण अल्कधर्मी असतो आणि निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, हेही त्यात आलंच. अशा चेहऱ्यावर मॅट फाउंडेशन लावलं तर एकाच वेळी दोन्ही संकटं येतात: पोपड्यांना रंग चिकटतो आणि तेलावर घसरतो. तेल कमी करण्याच्या धडपडीत अनेक मुली स्वतःची त्वचा या अवस्थेला आणून ठेवतात, आणि हे पाहून मला खरंच वाईट वाटतं. दिवसातून दोनदा सौम्य धुणं आणि ग्लिसरिन किंवा हायलुरोनिक आम्ल असलेलं जेलसारखं मॉइश्चरायझर काही आठवडे नेमानं लावणं हाच यावर पहिला उपाय आहे. प्रायमर, पावडर हे सगळं त्यानंतर.

तेलकट त्वचेलाही मॉइश्चरायझर लागतं, फक्त हलकं. त्यावर सनस्क्रीन लावून पाच-दहा मिनिटं थांबायचं. या थांबण्याला कुणी महत्त्व देत नाही, पण वरचं फाउंडेशन गोळ्या होऊन निघतं त्याचं कारण बहुतेकदा खालचा ओला थर असतो. फाउंडेशन तेलविरहित घ्यावं आणि मटारच्या दाण्याएवढंच घेऊन मधून बाहेरच्या बाजूला पसरावं. जिथे डाग दिसतो तिथेच दुसरा थर द्यावा. जाड थर जास्त टिकतो ही समजूत उलटी आहे. थर जितका जाड, तितका तो घसरायला आणि भेगाळायला सोपा. नंतर पावडर. ती ब्रशनं झाडण्यापेक्षा पफनं दाबून बसवावी, आणि तीही मधल्या पट्ट्यावरच. पावडरमधली सिलिका, केओलिन किंवा टाल्क तेल शोषतात, पण शोषायला मर्यादा असते. दुपारी चेहरा चमकला की आधी टिश्यूनं टिपावं, मग हवी तर पावडर लावावी. तेलावरच पावडर थापली की लगदा होतो, आणि ‘केकी’ दिसतं ते हेच.

मुंबई-कोकणातल्या दमटपणात आणखी एक घटक येतो, तो म्हणजे घाम. घाम आणि तेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. हवेतच बाष्प भरलेलं असल्यामुळे तो उडत नाही, थेंबांनी ओघळतो आणि मेकअपला सोबत नेतो. त्यावर पावडरीचा काही इलाज नाही. तिथे वॉटरप्रूफ फाउंडेशन आणि शेवटी चेहऱ्यावर पातळ पापुद्रा धरणारा सेटिंग स्प्रे कामी येतो. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात घाम झटकन उडतो, म्हणून तिथे चेहरा ओघळत नाही, पण त्वचेतलं पाणी मात्र लवकर जातं. नागपूरच्या वधूला मुंबईच्या मेकअप आर्टिस्टची ठरावीक पद्धत जशीच्या तशी चालत नाही, ती यामुळे.

कोरड्या त्वचेचं शास्त्र तेलकट त्वचेच्या बरोबर उलट आहे. इथे तेलानं घसरण्याची भीती नसते. सुटलेल्या पोपड्यांमध्ये फाउंडेशनचा द्रव शोषला जातो आणि रंगाची पूड उघडी पडते. म्हणून मॉइश्चरायझर क्रीमसारखं दाट घ्यावं आणि चेहरा किंचित ओलसर असतानाच लावावं. फाउंडेशन द्रव किंवा क्रीम स्वरूपातलं असावं आणि ते ओल्या, घट्ट पिळलेल्या स्पंजनं थोपटत बसवावं. ब्लशरही क्रीमचाच. पावडर फक्त डोळ्यांखाली आणि नाकाच्या कडांना, नावापुरती. ज्यांचे ओठ फुटतात त्यांनी मॅट लिक्विड लिपस्टिक रोज लावू नये. ओठांना स्वतःच्या तेलग्रंथी जवळपास नसतातच, आणि ती लिपस्टिक वाळताना तिथली उरलीसुरली स्निग्धताही ओढून घेते.

आता रंगाचा प्रश्न, आणि या विषयात मला सर्वांत जास्त तळमळीनं सांगायचंय ते इथेच. हार्वर्डचे त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये त्वचा उन्हाला कसा प्रतिसाद देते यावरून तिचे प्रकार पाडले. अतिनील किरणांच्या उपचाराची मात्रा ठरवण्यासाठी ते हवे होते. सुरुवातीला त्यांत गोऱ्या त्वचेचेच चार प्रकार होते. गव्हाळ-सावळी आणि काळी त्वचा पाचवा आणि सहावा प्रकार म्हणून नंतर जोडली गेली. भारतीय त्वचा बहुतांशी चौथ्या आणि पाचव्या प्रकारात मोडते. त्याच १९७५ मध्ये भारतात ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली आणि नावातला गोरेपणा जायला २०२० उजाडावं लागलं. इतकी वर्षं जाहिरातींनी जे शिकवलं त्याचा परिणाम आजही फाउंडेशनच्या काउंटरवर दिसतो. स्वतःच्या रंगापेक्षा एक-दोन छटा उजळ बाटली घ्यायची सवय सुटत नाही.

आणि उजळ बाटली सावळ्या त्वचेला गोरं करत नाही, राखाडी करते. उजळ छटेत टायटॅनियम डायऑक्साइड जास्त असतं, आणि ती पांढरी पूड खालच्या तपकिरीवर पसरली की राखेची झाक येते. फोटोत फ्लॅश पडला की ती आणखी उठून दिसते, आणि मान-हात वेगळे दिसतात ते निराळंच. योग्य छटा म्हणजे जी त्वचेवर लावल्यावर सापडत नाही. जबड्याच्या रेषेवर, मानेपर्यंत येतील असे जवळजवळच्या तीन छटांचे पट्टे ओढा आणि दुकानाबाहेर उजेडात या. जो पट्टा दिसेनासा होतो तो आपला. मनगटावर किंवा हाताच्या पाठीवर बघून काही कळत नाही, तिथला रंग चेहऱ्याचा नसतो. मनगटाच्या शिरा निळ्या की हिरव्या यावरून त्वचेची झाक ठरवायची युक्ती गोऱ्या त्वचेवर चालत असेल, पण सावळ्या त्वचेवर शिरा नीट दिसतच नाहीत. त्यापेक्षा सोन्याच्या जवळ जाणारी, गुलाबीकडे झुकणारी आणि किंचित हिरवट, अशा एकाच गडदपणाच्या तीन छटा लावून पाहाव्यात. आपल्यात हिरवट झाक असलेल्या पुष्कळ जणी असतात आणि त्यांना बाजारातली फाउंडेशनं गुलाबी किंवा नारिंगी वाटतात. २०१७ मध्ये गायिका रिहाना यांच्या फेंटी ब्यूटीनं सुरुवातच ४० छटांनी केली, तेव्हापासून इतर कंपन्यांनाही गडद छटा वाढवाव्या लागल्या. त्यामुळे आता शोधलं तर सापडतं.

सावळ्या त्वचेचं आणखी एक वैशिष्ट्य मेकअप करणाऱ्यानं पक्कं लक्षात ठेवायला हवं. तिला किंचितही इजा झाली, मुरुम फोडला, वॅक्सचा चटका बसला, स्क्रबनं घासलं, तर बरं होताना ती जागा काळी पडते आणि डाग महिनोन् महिने राहतो. म्हणून स्पंज असो वा ब्रश, घासायचा नाही, थोपटायचा. डाग झाकतानाही पुस्तकी नियम तपासून घ्यावेत. लालसरपणावर हिरवा करेक्टर हा नियम गोऱ्या त्वचेवरच्या लाल डागांसाठी आहे. आपले डाग तपकिरी-काळे असतात, त्यांवर हिरवा लावला तर ते अधिक मळकट दिसतात. डोळ्यांखालच्या काळपटपणावर गव्हाळ त्वचेला पीच आणि सावळ्या त्वचेला नारिंगी करेक्टर लागतो, तोही पातळ, आणि त्यावर त्वचेच्याच छटेचं कन्सीलर. गालांवर वांग असेल तर सनस्क्रीनच लोहाच्या ऑक्साइडांची छटा असलेलं घ्यावं. वांग फक्त अतिनील किरणांनी नाही तर दृश्य प्रकाशानंही वाढतो, आणि तो प्रकाश अडवायला ही रंगद्रव्यं मदत करतात. फाउंडेशनवर ‘एसपीएफ’ लिहिलंय म्हणून सनस्क्रीन गाळू नये. तो आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर देऊन मोजलेला असतो, आणि एवढं जाड फाउंडेशन कुणी लावत नाही.

मुरुम येणाऱ्या त्वचेसाठी ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ हा शिक्का बघा असं सांगतात. बघावा, पण त्यावर विसंबू नये. अमेरिकेत क्लिगमन आणि मिल्स या संशोधकांनी १९७२ मध्ये सौंदर्यप्रसाधनांमुळे येणाऱ्या मुरुमांचं वर्णन केलं. त्या काळी एखादा घटक रंध्रं बुजवतो का, हे सशाच्या कानावर लावून बघत, आणि सशाचा कान माणसाच्या गालापेक्षा खूपच संवेदनशील असतो. आजही या शब्दामागे सर्वांनी पाळावी अशी एक ठरलेली कसोटी नाही. प्रसाधनामुळे येणारे मुरुम लगेच येत नाहीत, काही आठवड्यांनी कपाळावर-हनुवटीवर बारीक, रंगहीन पुटकुळ्या दिसू लागतात. म्हणून एका वेळी एकच नवी वस्तू सुरू करावी, म्हणजे दोष कुणाचा ते कळतं. मेकअप उतरवायला खोबरेल वापरणं मुरुम येणाऱ्यांनी टाळावं. क्लिन्झिंग बाम किंवा मायसेलर वॉटरनं पुसून मग सौम्य फेसवॉश पुरतो. स्पंज आठवड्यातून एकदा तरी धुवावा आणि पूर्ण वाळू द्यावा.

संवेदनशील त्वचेबद्दल बोलताना आपण महागड्या क्रीमकडे बघतो आणि कपाळावरच्या टिकलीकडे दुर्लक्ष करतो. टिकलीच्या काही गोंदांमध्ये पॅरा-टर्शरी-ब्यूटाइल फिनॉल नावाचं रसायन असतं. ते रंग बनवणाऱ्या पेशींना मारक ठरू शकतं आणि टिकलीच्या जागी तेवढाच पांढरा डाग पडतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांना हा डाग चांगला परिचित आहे. हळदीला चुन्यासारखं अल्क लागलं की ती लाल होते, जुनं कुंकू तसंच बनत असे. बाजारातल्या अनेक कुंकवांत आता कृत्रिम रंग असतात, आणि काहींना त्यांची ॲलर्जी होऊन कपाळ आधी खाजतं, मग काळवंडतं. मेंदी झटपट काळी चढावी म्हणून तिच्यात केसांच्या डायमधलं पीपीडी मिसळतात, त्यानं हातावर फोड आलेल्या नवऱ्या मुली डॉक्टरांकडे जातात. खाज सुटली की ती वस्तू त्याच दिवशी बंद करावी. कोणतंही नवं प्रसाधन कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे दिवसातून दोनदा आठवडाभर लावून बघावं. ‘हायपोॲलर्जेनिक’ आणि ‘नैसर्गिक’ हे शब्द ही चाचणी टाळण्याची परवानगी देत नाहीत. लिंबाचा रस पूर्ण नैसर्गिक आहे, आणि तो लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजते.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या, स्टिरॉइड असलेल्या ‘उजळण्याच्या’ ट्यूब. पहिले काही दिवस चेहरा खरंच छान दिसतो. मग त्वचा पातळ होते, लाल पडते, ऊन लागलं की जळते, बारीक केस आणि मुरुम येतात आणि ट्यूब बंद केली की सगळं उसळतं. अशा चेहऱ्यावर कोणतंही फाउंडेशन बसत नाही आणि ते बसवायचा प्रयत्नही करू नये. तिथे पहिली भेट त्वचारोगतज्ज्ञाची. लेबल नसलेल्या काही बेकायदा क्रीममध्ये पारा सापडला आहे आणि त्यानं मूत्रपिंडांना इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

लग्न जवळ आलं की घाईत नेमकं उलटं केलं जातं. आदल्या आठवड्यात नवं फेशियल, ब्लीच, पहिल्यांदाच थ्रेडिंग आणि वॅक्स. ब्लीच किंवा नवा प्रयोग करायचाच असेल तर निदान महिनाभर आधी करावा, म्हणजे त्वचा भडकली तरी शांत व्हायला वेळ मिळतो. मेकअप आर्टिस्टशी बोलताना ब्रँडची यादी विचारण्याऐवजी आपली टिश्यूची तपासणी, ॲलर्जी आणि चालू औषधं तिला सांगावीत. १९३० च्या दशकात मॅक्स फॅक्टर यांनी टेक्निकलर चित्रपटांसाठी ‘पॅनकेक’ फाउंडेशन बनवलं, ते प्रखर दिव्यांखाली आणि कॅमेऱ्यासमोर चेहरा एकसारखा दिसावा म्हणून. मांडवात मात्र मावशी-काकू हातभर अंतरावरून बघत असतात, तिथे जाड बेसची गरज नसते. ट्रायल घ्यायची तर ती लग्नाच्याच ऋतूत घ्यावी आणि उतरवण्याआधी सहा तास तरी ठेवावी. त्या वेळात जेवावं, पंख्याखाली आणि उन्हातही थोडं फिरावं, फ्लॅशसह आणि फ्लॅशशिवाय फोटो काढावेत. नाकाच्या कडा किती वाजता फुटल्या, मान वेगळी दिसते का, कुठे खाजलं का, हे लिहून आर्टिस्टला दाखवलं की मुहूर्ताच्या दिवशी काय बदलायचं ते तिला नेमकं कळतं.